आवाज दाबणारी पेटी

त्या दिवशी व्हॉल्व्हवाला घरातून निघाला तो फक्त एक ट्रान्सफॉर्मर आणायला. वाइंडिंग करणाऱ्याने आज देतो, उद्या देतो करत पंधरा दिवस काढले होते आणि अखेर तो गुंडाळून ठेवला होता. वर्तमानपत्रात बांधलेला तो जड गठ्ठा पोटाशी धरून व्हॉल्व्हवाला दुकानात परतला तेव्हा जेमतेम अकरा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

त्याला स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर. बाकी सगळ्यांसाठी तो व्हॉल्व्हवाला. जुने रेडिओ, जुने ॲम्प्लिफायर, काचेचे व्हॉल्व्ह तापल्याशिवाय ज्यांच्यात जीव येत नाही अशी यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. दुकानाच्या मागे दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या आणि मधोमध माईक उभा होता. अलीकडच्या खोलीत त्याचं टेबल. मध्ये जाड काच आणि एक भक्कम दार. कुणाला गाणं रेकॉर्ड करायचं असलं की तो माणूस गाद्यांच्या खोलीत उभा राहायचा आणि व्हॉल्व्हवाला काचेच्या अलीकडे कानांवर हेडफोन चढवून बसायचा.

गेले चार महिने तो एक पेटी बनवत होता. कॉम्प्रेसर. पत्रा स्वतः कापलेला, भोकं स्वतः पाडलेली, आत दोन जुळे व्हॉल्व्ह, पुढच्या बाजूला एका मोडीतल्या यंत्राचा मीटर.

"पण ही करते काय?" बायकोने एकदा चहा ठेवता ठेवता विचारलं होतं.

"गाणाऱ्याचा आवाज चढला की दाबते. मग सगळंच जरा मोठं करायचं, म्हणजे बारीक आवाज आपोआप वर येतो. गाणं एका पातळीवर राहतं. पुन्हा पुन्हा गावं लागत नाही."

"मग ही आधीच का नाही बनवलीत?"

बायको सहज बोलून गेली, आणि त्याचा चेहरा पाहून कप तिथेच ठेवून निघून गेली. त्याने सोल्डरिंग आयर्न उचललं खरं, पण बराच वेळ त्याचं टोक कशालाच टेकलं नाही.

अठरा वर्षांपूर्वी त्याची धाकटी बहीण त्या गाद्यांच्या खोलीत गायली होती. एका निर्मात्याला नवीन आवाज हवा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप पोचवायची होती. धाकटी आली ती तापाने फणफणलेली. श्वास पुरत नव्हता. एक ओळ चढायची, पुढची खाली बसायची. हा म्हणाला, आणखी एकदा. मग पुन्हा, आणखी एकदा. दुपार अशीच गेली. एका क्षणी हेडफोनमधून तिचा आवाज आला होता, "दादा, पुरे आता. छातीत दुखतंय." त्याने ऐकलं होतं, अगदी स्पष्ट. आणि काचेकडे न बघता, काही ऐकू न आल्यासारखं करून, त्याने टेप पुन्हा पहिल्यापासून लावली होती.

सहाव्या दिवशी इस्पितळात तिने प्राण सोडला.

एवढ्यावर भागलं असतं तर तो रडून मोकळा झाला असता. पण इस्पितळाच्या जिन्यात तिच्या नवऱ्याने त्याचा दंड धरून विचारलं, "एवढ्या तापात तिला गाऊ कसं दिलंस?" तेव्हा याच्या तोंडून निघालं, "तिनंच हट्ट धरला. मी नको नको म्हणत होतो."

मेहुणा सुतार होता, बोलायला कमी. त्याने दंड सोडला आणि तो खाली निघून गेला. गाद्यांच्या खोलीचं ते भक्कम दार त्यानेच लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बनवून दिलं होतं. त्या दिवसानंतर तो या दुकानाची पायरी चढला नाही. निर्मात्याकडे कधी न पोचलेली ती टेप व्हॉल्व्हवाल्याने त्याच संध्याकाळी पुसून टाकली.

आणलेला ट्रान्सफॉर्मर त्याने आज बसवला, वायरी डागल्या आणि पेटी पहिल्यांदा सुरू केली. व्हॉल्व्ह हळूहळू केशरी झाले. तापलेल्या धुळीचा ओळखीचा वास सुटला. गाद्यांच्या खोलीत कुणी नव्हतं, दार बंद होतं, माईक मात्र चालू होता. त्याने मीटरकडे पाहिलं.

काटा हलत होता. सावकाश डावीकडे झुकायचा, क्षणभर थांबायचा, परत यायचा.

आवाज दाबला जातो तेव्हाच तो काटा झुकतो. दाबायला आधी आवाज पाहिजे. त्याने हेडफोन लावले. काही नाही. नुसती शांतता, तिच्यामागे व्हॉल्व्हची बारीक घूं.

अर्थिंग तपासलं. कंडेन्सर बदलला. व्हॉल्व्हची अदलाबदल केली. काटा आपला झुकतच होता. शेवटी त्याने माईकची वायर काढली, तेव्हा तो स्थिर झाला. वायर पुन्हा जोडली आणि मनातल्या मनात मोजू लागला. झुकला, थांबला, परतला. मिनिटाला तीस वेळा. दम लागलेला माणूस असाच श्वास घेतो, हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याने घाईघाईने बटण बंद केलं.

दोन दिवसांनी भाची आली. बालवाडीत शिकवायची ती. आई गेली तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. अलीकडे बाबांच्या नकळत मामीला भेटायला यायची, मामाशी मात्र बेताचंच बोलायची. आज ती सरळ दुकानात शिरली.

"मामा, माझं एक गाणं रेकॉर्ड कराल? आई मला झोपवताना म्हणायची ते."

"तुला आठवतं ते?"

"तेवढंच आठवतं. घरात तिचा आवाज कुठेच नाही. एक टेपसुद्धा नाही." ती स्टुलावर बसली. "बाबा म्हणतात, तिला माझ्यापेक्षा गाणं प्यारं होतं. नाहीतर अंगात ताप घेऊन कशाला आली असती? लहानपणी मला तिचा फार राग यायचा. आता वाटतं, एवढं काय होतं गाण्यात, ते एकदा तिच्यासारखं उभं राहून बघावं."

झुकणाऱ्या काट्याची आठवण मागे सारून व्हॉल्व्हवाल्याने पेटीचं बटण दाबलं. तो एवढंच म्हणाला, "बस. पेटी तापायला पाच मिनिटं लागतील."

ती आत गेली आणि स्वतःचा आवाज ऐकायला माईकच्या दांड्यावर टांगलेले हेडफोन तिने कानांवर चढवले. दार बंद झालं. त्याने काचेतून हाताने खूण केली आणि ती गाऊ लागली.

आवाज शिकवलेला नव्हता, पण खरा होता. ओळीच्या शेवटी तो आईसारखाच खाली बसायचा, आणि पेटी त्याला हलकेच हात देऊन वर घ्यायची. चार महिन्यांचं काम सोन्यासारखं झालं होतं. व्हॉल्व्हवाल्याने डोळे मिटले.

मग दोन ओळींच्या मधल्या जागेत त्याला श्वास ऐकू आला. तसा तो यायचाच. गाणं दाबून मोठं केलं की खालचं सगळं वर येतं, श्वास येतो, कपड्यांची सळसळ येते. पण हा श्वास ओला होता. आत घरघरत होता. त्याने डोळे उघडले. भाची तोंड मिटून, नाकाने शांत श्वास घेत पुढच्या ओळीची वाट पाहत होती.

गाणं संपलं. ती थोडी थांबली, आणि आपणहून पुन्हा गाऊ लागली.

मनाजोगतं झालं नसेल, असं त्याला वाटलं. या वेळी घरघर आणखी जवळ आली होती. तिसऱ्या खेपेला कडव्याच्या आधीच्या शांततेत काटा पार डावीकडे कोसळला, आणि हेडफोनमध्ये, अगदी कानाच्या पाळीशी, कुणीतरी म्हणालं,

"दादा... पुरे आता..."

त्याने ताडकन उठायला हवं होतं. पण तो उठला नाही. ती टेप त्याने स्वतःच्या हाताने पुसली होती. अठरा वर्षांत त्या आवाजाची एक ओळसुद्धा त्याच्याजवळ उरली नव्हती. त्याला भीती वाटली, आणि तरीही, देवा, त्याला तो आवाज आणखी ऐकायचा होता. भाचीने चौथ्यांदा गाणं सुरू केलं. त्याने मान खाली घातली आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. पाचव्यांदा. सहाव्यांदा. दर वेळी तीच जागा, तेच शब्द. "पुरे आता... छातीत दुखतंय..."

सातव्यांदा गाताना भाचीचा आवाज चिरला. त्याने वर पाहिलं. ती माईकच्या दांड्याला धरून उभी होती. केस कपाळाला चिकटले होते, ओठ पांढरे पडले होते, आणि तरी ती पुढची ओळ घेतच होती.

त्याने हेडफोन भिरकावले आणि तो दार ढकलून आत गेला.

"बस. बस झालं. खाली बस."

ती जमिनीवरच बसली. आत उकडत होतं आणि कुबट वास येत होता. गाद्यांचा असेल. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, आणि काही ठरवायच्या आत बोलू लागला.

"तुझ्या आईनं हट्ट धरला नव्हता. ऐकतेस का? ती पुरे म्हणाली होती. मला ऐकू आलं होतं. मी न ऐकल्यासारखं केलं. तुझ्या बाबांना खोटं सांगितलं. ती घरी जायला निघाली होती, तुला शेजारी ठेवून आली होती म्हणून. सारखं तेच म्हणत होती, पोरगी वाट बघत असेल."

 भाची रडली नाही. तिला धड बोलताही येत नव्हतं इतका घसा बसला होता.

"अठरा वर्षं," ती शेवटी म्हणाली. "अठरा वर्षं मी तिच्यावर रुसले होते, मामा."

त्याने पुढे केलेला हात तिने बाजूला सारला.

"आणि एवढं सगळं माहीत असून आज मलाही तसंच..." ती खोकली. "मी दुसऱ्यांदाच थकले होते. तुम्ही सोडत नव्हता."

"मी? तूच तर पुन्हा पुन्हा गात होतीस."

"तुम्ही सांगत होता म्हणून. हेडफोनमध्ये. दर वेळी. आणखी एकदा, आणखी एकदा. मी काचेतून बघायचे, तर तुम्ही मान खाली घालून बसलेले. मला वाटलं, टेबलावरच्या माईकमध्ये बोलताय."

टेबलावर माईक नव्हता. गाणाऱ्याशी बोलायचं ते बटण, माईक आणि त्याची वायर धाकटीच्या तेराव्यानंतर त्यानेच उपटून फेकून दिली होती. तेव्हापासून तो प्रत्येकाला हाताने खुणा करायचा. दोघांनीही एकदम काचेकडे पाहिलं. पलीकडे रिकामी खुर्ची होती, टेबलावर पडलेले हेडफोन होते आणि व्हॉल्व्हचा केशरी उजेड.

"तुमचाच आवाज होता," भाची कुजबुजली. "फक्त... तरुण होता."

त्याने तिला हाताला धरून बाहेर काढलं, दुकानाच्या पायरीवर उन्हात बसवलं, बायकोला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मग आत जाऊन पेटीची वायर भिंतीतून ओढली. व्हॉल्व्ह गार व्हायचीही वाट पाहिली नाही. बोटं भाजली तरी दोन्ही काढले आणि पत्रा चेपून टाकला.

त्याच संध्याकाळी तो मेहुण्याच्या कारखान्यात गेला. भाची सोबत होती. लाकडाच्या भुशात उभं राहून त्याने सगळं सांगितलं. आजचंही आणि तेव्हाचंही. रंधा हातात धरून मेहुणा ऐकत राहिला. तो ओरडला नाही, अंगावर धावून आला नाही. सगळं संपल्यावर त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. व्हॉल्व्हवाल्याला एवढंच म्हणाला, "जा आता."

व्हॉल्व्हवाल्याने माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं. त्या रात्री त्याने बायकोलाही सगळं सांगितलं. ती नंतर कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तेही त्याने मुकाट सोसलं.

भाचीचा घसा आठवडाभराने मोकळा झाला. तिने निरोप पाठवला, ते रेकॉर्डिंग मला हवं, जसं असेल तसं. व्हॉल्व्हवाल्याने ते ऐकायचं धाडस केलं नाही. न ऐकताच पेनड्राइव्हवर घालून बायकोच्या हाती दिलं.

पंधरा दिवस गेले, आणि एका दुपारी दुकानासमोर मेहुणा उभा. अठरा वर्षांनी. पायरी चढला नाही. केस पार पिकले होते.

"ऐकलं मी ते," तो म्हणाला. "पोरगी छान गाते."

"तिचा आवाज... धाकटीचा... आला का ऐकू?"

"नाही. पोरीचाच आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत." तो थांबला. नजर दुकानाच्या मागच्या बाजूला गेली. "पण एक विचारायचं होतं. ते दार मी बनवलंय. त्याची बिजागरी कशी वाजते ते मला झोपेतही कळेल. शेवटी तू आत गेलास, पोरीला घेऊन बाहेर आलास, ते सगळं ऐकू येतं."

"हो."

"त्याच्या आधी, तिसरं गाणं संपल्यावर, दार एकदा उघडलंय, पावलं आत आलीत आणि दार लागलंय. कुणीतरी आत गेलंय."

व्हॉल्व्हवाल्याने मागे वळून त्या दाराकडे पाहिलं.

"मी चारचारदा ऐकलं," मेहुणा हळू आवाजात म्हणाला. "ते बाहेर आल्याचा आवाज कुठेच नाही."