कोऱ्या जागेतला मजकूर

अमेरिकेतल्या हिल्सबरोच्या एका सॉफ्टवेअर ऑफिसात लॉर्ना विक अकरा वर्षं एकच काम करत होती. फाइलीत लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचता येतं की नाही, हे तपासायचं. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तिची सही झाल्याशिवाय पुढे जात नसे. तपासणीतला एक नियम तर शेंबडं पोरही सांगेल असा होता: फाइलीत मध्येच जागा कोरी सोडली, तर वाचताना तिथे फक्त शून्यं यायला हवीत.

मंगळवारी सकाळी चाचणीत तिथे अक्षरं आली.

"जुन्या डिस्कवरचं कुणाचं तरी उरलंसुरलं असणार," शेजारच्या टेबलावरचा ड्वेन म्हणाला. "आपल्या चुकीमुळे उघडं पडतंय. तू कोरी डिस्क लाव, मी दुरुस्ती लिहितो. दुपारच्या आत सही दे बाई, नाहीतर लोकांचे खासगी कागद चव्हाट्यावर येतील आणि शिव्या आपण खाऊ."

लॉर्नाने खोक्यातून नवी डिस्क काढून लावली. पुन्हा तीच अक्षरं. या वेळी तिने ती नीट वाचली.

'लॉर्ना, हीटरवाला येऊन गेला. तुझे बूट अजून दाराशीच आहेत. हलवायला हात धजावत नाही.'

ही ढब तिच्या नवऱ्याची, हॉलिसची. पण थट्टा म्हणावी, तर त्या बिचाऱ्याला साधा प्रिंटर जोडता येत नसे. तिने घरी फोन लावला.

"काय रे, हीटरवाला येऊन गेला का?"

"गुरुवारी येणार म्हणालाय. पण तुला कसं कळलं? मी आत्ताच तर त्याचा फोन ठेवला."

"असंच विचारलं," ती म्हणाली.

म्हणजे मजकूर गुरुवारनंतरचा होता. असं कसं असेल? अकरा वर्षांत तिला सापडली नाही अशी एकही चूक नव्हती. आज मात्र तिचं डोकंच चालेना. मेमरीत काही अडकलं असेल, म्हणून तिने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं.

मजकूर वाढला होता. कोरी जागा काठोकाठ भरली होती.

'डॉक्टर म्हणतात, तुला त्या मंगळवारीच आणलं असतं, तर'

जागा तिथेच संपत होती.

तिने अंग चाचपून पाहिलं. कुठे दुखत होतं? काहीच तर होत नव्हतं.

"झाली दुरुस्ती," ड्वेन म्हणाला. "कर सही."

"थांब जरा."

"आता कशाला थांबू? तासभर रिकामी जागा वाचत बसली आहेस."

सही केली, की तिथे कायमची शून्यं येणार होती. पुढचं वाक्य तिला कधीच कळलं नसतं. तिने फाइलीतली कोरी जागा दुप्पट केली आणि वाचायची आज्ञा दिली.

'आज तू इथे असतीस. मी म्हटलं, तिला काही जाणवलंच नव्हतं. ड्वेन मात्र मान वर करेना.'

पुढे शून्यं. शेवटपर्यंत.

"ड्वेन, मी कशी दिसतेय?"

खुर्ची वळवून तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"सकाळपासून विचारणार होतो," तो म्हणाला. "तुझ्या ओठाचा डावा कोपरा ओघळलाय, आणि डावी पापणी एकदाही मिटलेली नाही."