दोन मिनिटं उरलेली कॅसेट

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढची पोस्ट वाचा. मला कुणाला काही पटवायचं नाही. हे मी स्वतः पाहिलंय… भर दुपारी, घर भरून माणसं असताना.

जून १९९३. इंदूर. परदेशीपुऱ्याच्या मागची मिलची चाळ.

तिथे माझा मित्र हृषीकेश राहायचा. तो आणि त्याची आई, शशिकलाकाकू. वडील मिलमध्ये टाइमकीपर होते. ते गेले, आणि मग मिलही बंद पडली.

हृषी कॅसेट भरून द्यायचा. तुम्ही गाण्यांची यादी द्या, दुसऱ्या दिवशी कॅसेट तयार. सिनेमाचं त्याला भयंकर वेड. पहिल्या दिवशी पहिला शो, तोही अगदी पुढच्या रांगेत. हिरोचं त्याला काही नसायचं, मागे मेंडोलिन कुणी वाजवलंय यावर मात्र तो तासभर भांडायचा.

त्याची एक खोड होती. साइड संपायला दोन मिनिटं उरली आणि पुढचं गाणं त्यात मावत नसलं, तर बाकीचे दुकानदार टेप कोरी सोडायचे. हा स्वतः बोलायचा. "आता गाणं मावत नाही, तर मीच बोलतो," म्हणून गिऱ्हाइकाची खुशाली विचारायचा, टोमणे मारायचा. लोक गाण्यांपेक्षा त्यासाठीच त्याच्याकडे यायचे.

मिलचा भोंगा बंद झाला तेव्हा अख्खी चाळ हातपाय गाळून बसली. हृषीने काय करावं? रोज दुपारी तीनला, पाळी बदलायच्या वेळी, डेक खिडकीत ठेवून मोठ्यांदा गाणं लावायला लागला. लोक चिडले. हा हसायचा. "भोंगा बंद झाला तो क्या हुआ भिया, आपण थोडेच बंद झालोय?"

असा माणूस सत्ताविसाव्या वर्षी काविळीने गेला.

मला आजही राग येतो.

देपालपूरहून त्याचे चुलते आले, अरविंदकाका. शाळामास्तर, कडक. आल्याआल्या त्यांनी ती खिडकी लावून घेतली.

"वहिनी, सुतक आहे. तेराव्यापर्यंत सिनेमाची गाणी बिलकुल नाही. लोग क्या कहेंगे?"



दहाव्याला घाटावरून सगळे घरी येणार होते. काका मला म्हणाले, "शरद, मंदिरातलं भजन एखाद्या टेपवर भरून आण. तेवढंच चांगलं कानावर पडेल."

कोरी कॅसेट घरात एकही नव्हती. फळीवर एक बिना नावाची सापडली. तिच्या पाठीवरची प्लास्टिकची पट्टी हृषीने मोडून ठेवली होती. पट्टी मोडली की त्या टेपवर दुसरं काही भरता येत नाही. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली… आणि भजन भरून आणलं.

दहाव्याच्या सकाळी काकू फळी धुंडाळत होत्या.

"ती बिना नावाची कॅसेट पाहिलीस का रे? दवाखान्यात जायच्या आधी त्याने माझ्यासाठी भरली होती. पूर्ण साइड तोच बोललाय. मी म्हटलं, बरा होऊन ये, मग दोघं बसून ऐकू."



आईसाठी ठेवलेला त्याचा आवाज मी पुसला होता. मी. त्याच्या जिवलग मित्राने.

मला सांगायचा धीर झाला नाही.

दुपारी सगळे घाटावरून आले. काकांनी डेक लावला. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. भजन सुरू झालं, संपलं. मग नुसती खरखर…

खरखर एकदम थांबली.

"भजन संपलं… दोन मिनिटं उरलीत. आता काही मावत नाही, तर मीच बोलतो."

हृषीचा आवाज.

तुम्ही म्हणाल, जुन्या रेकॉर्डिंगचं शेपूट पुसायचं राहिलं असेल. मीही मनात तेच म्हणालो. आता पुढचं ऐका.

"शरद… चिकटपट्टी लावलीस ना? मेरी टेप पे? वा भिया, वा!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. मी मान खाली घातली.

"आई… तीन वाजले. खिडकी कुणी लावली?"

भिंतीवरच्या घड्याळात बरोबर तीन वाजले होते.

काकांनी झडप घालून बटण दाबलं. टेप थांबली… आवाज थांबला नाही.

त्यांनी झाकण उघडून कॅसेट उपसून काढली.

आवाज चालूच…

मग त्यांनी भिंतीतून वायर ओढली. डेकचा लाल दिवा विझला.

"आई, खिडकी उघड ना…"

बायका किंचाळत बाहेर धावल्या. काका ओरडले, "बाधा आहे ही, वहिनी! ये चीज घर में नहीं रहेगी. आत्ताच्या आत्ता नदीत टाकतो सगळं."

काकू उठल्या. दहा दिवसांत त्यांचा एवढा खणखणीत आवाज कुणी ऐकला नव्हता.

"भावजी, माझा मुलगा बोलतोय. मध्ये बोलू नका."

त्यांनी खिडकी सताड उघडली. मग डेककडे हात नेला. वाटलं, आता तरी त्या घाबरून त्याला झाकतील…

त्यांनी आवाज वाढवला.

वायर काढलेल्या, रिकाम्या डेकचा आवाज वाढला. समोरच्या ओळीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. काका चपला न घालता पळाले.

मीही पळालो. खोटं कशाला बोलू?

ओट्यावर येऊन मी दार ओढून घेतलं. आत दोघं बोलत होती. काकू मध्येच हसल्या. दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती.

मग आतून ऐकू आलं, "शरद कुठे गेला?"

"बाहेरच उभा आहे," काकू म्हणाल्या. "बोलाव त्याला."

"शरद…"

माझा हात कडीवर होता.

"शरद…"

लहानपणापासून ऐकत आलो होतो, तिसरी हाक येईपर्यंत ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो, दुसरं काही असेल तर दोनदाच. मी श्वास रोखून तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिलो.

आत सगळं शांत झालं.

नंतर ती कॅसेट काकूंनी पुष्कळदा लावली. भजन आणि खरखर, बस. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी गेलो की चहा करायच्या.

तिसरी हाक आली असती तर मी नक्की आत गेलो असतो. तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगतोय.