अर्विडच्या कॅमेऱ्यातला एक तास

खरं सांगते, त्याचा फोटो मी चोरूनच काढला. नॉर्वेतल्या बोडोहून लोफोटन बेटांकडे जाणारी बोट, कठड्याला टेकून दालचिनीचा पाव खाणारा तो, वाऱ्यानं पार विस्कटलेले केस... आणि माझ्याकडून मोबाईलचं बटण आपसूक दाबलं गेलं. तेवढ्यात त्यानं वळून पाहिलं!

"माझा फोटो काढलास ना?"

"छे! मी— समुद्राचा काढत होते."

"समुद्र त्या बाजूला आहे, हेल्का."

मेल्याला नावही माहीत होतं! अर्विड आमच्याच गायनमंडळातला, आमच्या फिनलंडच्या हद्दीवरल्या नदीपलीकडचा, स्वीडनमधला. पण पुरुष मागच्या रांगेत उभे राहतात, म्हणून मी त्याला कधी धड पाहिलंच नव्हतं. मग काय, मंडळाची उरलेली सहल त्यानं मला चिडवण्यातच घालवली. "सुरुवात तू केलीस, पुरावा आहे!" आणि मी वेडी, चिडता चिडता त्याच्या प्रेमात पडले.

दोन आठवड्यांनी मंडळाचा अल्बम करायला तो नदीच्या अलीकडे, आमच्या तोर्निओत, माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आमच्याकडच्या पद्धतीनं कॉफीत चीजचे तुकडे बुडवत सहज म्हणाला, "माल्मोला नोकरी मिळतेय. सोमवारी कळवायचंय."

"अरे वा, छानच की," मी म्हटलं. माल्मो म्हणजे स्वीडनचं पार दुसरं टोक. जाऊ नकोस म्हणावं, तर कुठल्या हक्कानं? चिडवतो तर तो सगळ्यांनाच.

मी दोघांचे फोटो एकत्र करून वेळेप्रमाणे लावले. आणि सगळा गोंधळ! आधी बोट समुद्रात, मग आमची बस धक्क्यावर बोटीची वाट बघत उभी.

"तुझा मोबाईल बिघडलाय," अर्विड घाईघाईनं म्हणाला.

"माझा बरोबर आहे. तुझा कॅमेरा तासभर पुढे आहे." मी त्याचे सगळे फोटो निवडून एक तास मागे नेले. बस बोटीच्या आधी आली, सगळं जागच्या जागी बसलं. फक्त त्याचा एक फोटो सरकून माझ्या त्या चोरट्या फोटोच्या वर गेला. त्यात मी होते. डोळे मिटून, वाऱ्यात तोंड वर करून उभी. माझ्या फोटोच्या चांगला अर्धा तास आधीची!

"अर्विड! सुरुवात कुणी केली म्हणे?"

त्याचे कान लालबुंद झाले.

"आणि काय रे, स्वीडनची अन् नॉर्वेची वेळ एकच. मग तुझ्या कॅमेऱ्यात आमची फिनलंडची, तासभर पुढची वेळ कशी?"

तो कपातलं चीज चमच्यानं ढवळू लागला. "जानेवारीत... तुमच्याकडे सरावाला सहा वाजता बोलावलं होतं. मी आमचे सहा समजून आलो. तुमचे सात वाजले होते, आणि तू टोपी घालून निघाली होतीस. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच! मोबाईलचा काय भरवसा, नदीपलीकडचा टॉवर पकडला की वेळ उडी मारते. मग मनगटावरचं, स्वयंपाकघरातलं, कॅमेऱ्यातलं... दिसेल ते घड्याळ तुझ्या वेळेवर केलं. ऑफिसात रोज तासभर आधी पोचतो. लोक हसतात."

मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. पाच महिने हा माणूस माझ्या वेळेवर जगत होता, आणि मला पत्ताच नाही!

"जाऊ नकोस माल्मोला," मी म्हटलं. "मला तू हवा आहेस."

"एवढंच ऐकायचं होतं गं," तो म्हणाला, आणि टेबलावरून माझा हात हातात घेतला. कॉफी गार झाली.

मग त्यानं खिशातून कॅमेरा काढला. "चल, याचंही घड्याळ नीट करून टाकू."

मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "फोटो केलेत ना नीट? तेवढं पुरे. घड्याळाला हात लावायचा नाही!"