जुन्या कॉम्प्युटरमधली ती

जिन्याच्या वळणावर तो तिच्या अंगावरच आला असता! दोन्ही हातांत तान्हं बाळ धरावं तसा जुना कॉम्प्युटर, मागे पायरी-पायरीवर आपटणारी वायर, आणि तोंडानं “सरका, सरका!” चालूच. ती दातांच्या डॉक्टरांचा बिघडलेला प्रिंटर बघायला वर निघाली होती. ती सरकली नाही. तिनं खाली वाकून ती वायर तेवढी उचलली.

“याला कुठे घेऊन निघालात?”

“दुरुस्तीला. सकाळपासून कट्-कट् आवाज करतोय.”

“डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. असा हिंदकळवत नेलात तर वाटेतच आटपेल.”

“तुम्हाला यातलं कळतं?”

“पोट भरतं माझं त्यावर.”

तो तिथल्या तिथे माघारी वळला. “मग चला वर, इंजिनिअरबाई!”

वर त्याचा आणि त्याच्या आत्याचा भरतकामाचा कारखाना होता. शाळांचे बिल्ले, हॉटेलांचे टॉवेल, डॉक्टरांच्या कोटांवरची नावं, सगळं एकाच लांबलचक मशीनवर निघायचं, आणि सुई कुठे टोचायची ते त्या मशीनला हा कॉम्प्युटर सांगायचा. तो प्रोग्राम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. नव्यानं कुठून आणणार? तेव्हा आतली ऑपरेटिंग सिस्टिमच सगळ्या संसारासकट उचलून नव्या कॉम्प्युटरमध्ये नेऊन बसवायला हवी होती.

“सगळं जसंच्या तसं हवं हं,” तो म्हणाला. “इकडचं तिकडे व्हायला नको.”

“खिळासुद्धा हलणार नाही, मालक.”

‘मालक’ ऐकून तो हसला. हसताना त्याचा उजवा डोळा अंमळ जास्तच मिटायचा... आणि हे आपण बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं घाईघाईनं बटण दाबलं.

पडदा उजळला. आणि स्पीकरमधून, कानाशी लागून बोलावं तसा, एका मुलीचा आवाज आला— “आलास? बस आधी. लगेच कामाला लागू नकोस...” आणि मागोमाग हसू. छान होतं मेलीचं हसू!

“अजून बोलतेय का ही भवानी?” आतून आत्या करवादली.

 तो चहा सांगतो म्हणून बाहेर सटकला. मग आत्यानंच सांगितलं. इथे नक्षी काढायला होती ती मुलगी. हा कॉम्प्युटर तिनंच लावून दिला, चालू करताना वाजणारा आपला आवाजही तिनंच त्यात भरला, आणि भाच्याच्या मनातही तिनंच घर केलं. लग्नापर्यंत गोष्ट गेली होती. मग मोठ्या गावच्या मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं, आणि बाई गेल्या त्या गेल्याच.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणत तिनं डिस्कची प्रत उतरवायला घेतली. पण ते हसू काही कानातून जाईना.

पुढचे दिवस ती रोज येत राहिली. जुनी डिस्क मधेच अडायची, मग तिला चुचकारत पुढे न्यावं लागायचं. नव्या कॉम्प्युटरला जुनी सिस्टिम ओळख देईना, भरतकामाच्या मशीनची जाड केबल कुठेच बसेना, तिच्यासाठी वेगळं कार्ड शोधावं लागलं. तो शेजारी स्टूल ओढून बसायचा. “बाई, माझ्यापेक्षा याच्याशी जास्त बोलता तुम्ही.” ती म्हणायची, “तो उलट बोलत नाही ना!” दोघं हसायची. आणि हसता हसता तिच्या मनात यायचं, या स्टुलावर बसून हा त्या नक्षीवालीशीही असाच बोलला असेल.

त्यातून त्या आवाजवालीचा नीटनेटकेपणा! नक्ष्यांचे फोल्डर धाग्याच्या रंगांप्रमाणे लावलेले. एका नावात चूक नाही, एक फालतू फाइल नाही. निदान गबाळी तरी असायची! नाक मुरडायला जागा म्हणून सापडेना. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ‘सगळं जसंच्या तसं हवं’ म्हणे. का हवं ते कळतंय!

अखेर प्रत पूर्ण झाली. तिनं नव्या कॉम्प्युटरमधली ती आवाजाची फाइल शोधली, निवडली आणि काढून टाकली. ग्राहकाच्या मशीनमध्ये असला आगाऊपणा तिनं आजवर कधी केला नव्हता. आज केला.

सकाळी त्यानं बटण दाबलं. साधं ‘टुंग’ वाजलं. मशीननं शाळेचा बिल्ला झरझर काढला, एक टाका चुकला नाही. आत्यानं टाळी वाजवली. तो मात्र स्पीकरकडे बघत राहिला... मग म्हणाला, “छान झालं,” आणि उठून गेला.

झालं! आठवण येतेय त्याला. ती दुपारभर स्वतःवर चरफडत राहिली. तिला तो आवडत होता, अगदी जीव टाकावा इतका आवडत होता, आणि तिनं त्याच्याच कारखान्यात चोरी केली होती. शेवटी जुनी डिस्क पिशवीत टाकून ती परत जिना चढली.

“आवाज मी काढला,” तिनं दारातूनच सांगून टाकलं. “मशीनची चूक नाही. या डिस्कवर शाबूत आहे. म्हणाल तर आत्ता परत घालते.”

“घाला.”

तिचा चेहरा पडला. मुकाट्यानं बसून तिनं फाइल परत घातली. “घ्या. होती तिथे आहे.”

“सकाळी चिडलो होतो,” तो म्हणाला. “न विचारता काढलंत म्हणून. मग वाटलं... एवढ्या हजारो फायली. बाईंनी एक टाका गळू दिला नाही, आणि नेमकी हीच कशी गळली?”

ती उगीच जुन्या डिस्कची वायर गुंडाळू लागली. कानाच्या पाळ्या तापलेल्या.

“मीच काढायला हवा होता कधीच. पण काढता येत नव्हता. कुणाला सांगावं, तर सगळं पुराण सांगावं लागलं असतं.” त्यानं स्टूल पुढे ओढलं. “तुम्ही काढलात तर ती चोरी. आता शिकवा, मी काढतो.”

तिनं बोटानं दाखवलं. त्यानं फाइल निवडली, कळ दाबली. पडद्यावर चौकट उमटली.

“खरंच काढायची का, विचारतोय हा,” त्यानं वाचलं.

“मग... काय सांगणार?”

“आधी तुम्ही सांगा. का काढली होतीत?”

“जळले मी!” ती एकदम म्हणाली. “त्या बाईवर, तिच्या हसण्यावर, तिच्या मेल्या फोल्डरांवरसुद्धा! आवडता तुम्ही मला. झालं समाधान?”

त्यानं तिच्याकडेच बघत ‘हो’ची कळ दाबली. फाइल गेली. त्याचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं.