वायरलेसवरची राही

त्या दुपारी मी वायरलेसच्या बॅटरीत पाणी घालत होतो. शहाऐंशी सालचा श्रावण होता. आमचं आरोग्य केंद्र अलोऱ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. मी तिथे कंपाउंडर. त्या वर्षी एक संच आमच्याकडे आणि दुसरा वरच्या वाडीतल्या उपकेंद्रात बसवला होता. मध्ये पऱ्या. तो ओढा फुगला की वाडी तुटायची आणि तिथली नर्स, राही, एकटी पडायची.

संच बसला तेव्हा तिने त्या पेटीवरून हात फिरवला होता. म्हणाली, "भिकाजीदादा, गेल्या वर्षी एक बाळंतीण माझ्या डोळ्यांदेखत गेली. विचारायला कुणी नव्हतं. आता आहे."

तिची पोर, विमला, अलोऱ्याला आजीकडे असायची. मीही अलोऱ्याचाच. रोज कामाचं बोलून झालं की राही हळूच विचारायची, "विमला दिसली का?"

तर त्या दुपारी काळोखून आलं होतं. कौलांवर पाऊस धरून होता. पेटी खरखरली.

"डॉक्टर आहेत का...?"

आवाज राहीचाच. पण बारीक, आणि मागे पाणी वाहत असल्यासारखं.

"सखू बाळंत झाली. रक्त थांबत नाहीये..."

डॉक्टर धावत आले. माझ्या हातातून माइक घेतला. "राही, पोट चोळत राहा. बाळ छातीशी लाव. कपाटातलं इंजेक्शन दे. ओव्हर."

"देते..."

मग नुसती खरखर. डॉक्टर सांगत, ती "हो" म्हणे, आणि प्रत्येक "हो" आधीच्यापेक्षा लांबून येई. डॉक्टरांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. शेवटी आवाज आला.

"थांबलं, डॉक्टर... बाळही रडलं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "शाबास, पोरी. आम्ही निघतोच."

"या... आणि भिकाजीदादा, माझ्या विमलाला..."

पेटी गप्प झाली. तिला पुढे काय म्हणायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

जीप पऱ्यापाशी थांबली. ओढ्यावरचा लाकडी साकव वाहून गेला होता. काठावर माणसं जमली होती. त्यांच्या मधोमध घोंगडी पसरलेली. घोंगडीखालून पांढऱ्या साडीचा काठ दिसत होता, चिखलाने माखलेला.

"नर्सबाई," काठावरचा महिपत म्हणाला. "लसी आणायला तुमच्याकडेच निघाली होती. साकव तिच्या पायाखालीच तुटला. सकाळपासून शोधतोय, आत्ता सापडली. करंजाच्या मुळांत अडकली होती."

"सकाळपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"होय. न्याहारीच्या वेळेला गेली."

डॉक्टर खाली बसले. तिचं मनगट हातात घेऊन नाडी पाहिली. मग उठले, आणि ओढ्यावर आडवा बांधलेला दोर धरून आम्ही पलीकडे गेलो. चढणीवर ते एकदाच बोलले.

"भिकाजी, आवाज तू ऐकलास ना?"

"ऐकला."

उपकेंद्रात डेटॉलचा आणि रक्ताचा वास भरला होता. सखू खाटेवर होती. पांढरीफटक, पण शुद्धीवर. बाळ छातीशी बिलगलेलं. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली. दंडावर सुईची ताजी खूण होती. सखूची सासू, येसूबाई, पायाशी बसून पोराचे कपडे घडी घालत होती.

"इंजेक्शन कोणी दिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आणि कोण देणार? बायनंच दिलान," येसूबाई म्हणाली. "सगळं तिनंच केलान. हात मात्र गार होते हो तिचे..."

मी काही बोलणार, तोच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. दमली बिचारी. आतल्या खोलीत जरा पडलीय."

डॉक्टर जागचे हलले नाहीत. दार मी लोटलं.

खाट रिकामी होती. चादर ताणून घातलेली, कोरडी, एक सुरकुती नाही. उशी मात्र भिजली होती. वर पाहिलं, कौल कुठे गळत नव्हतं. खिडकीही बंद.

मी उशीला हात लावला. पाणी कोमट होतं.