दुधातली उष्णता गेली कुठे?

खडकेवाडीच्या महिला दूध केंद्रात त्या संध्याकाळी सहाशे लिटर दूध, अठ्ठावीस रिकामे कॅन, एक शीतटाकी (दूध गार करणारी टाकी), पाणी तापवायचा एक हीटर आणि एक यंत्रमानव होता. यंत्रमानव गावाच्या सौरवीज समितीचा. तो सारखा मोजत असे, म्हणून बायका त्याला मापाडी म्हणत.

"दूध गार करायला आठ युनिट. कॅन धुण्याचं दीडशे लिटर पाणी तापवायला सात. एकूण पंधरा. संध्याकाळची मर्यादा दहा," मापाडी म्हणाला.

"माहितेय रे बाबा! रोज तेच काय वाचून दाखवतोस?" केंद्राच्या अध्यक्ष शालनकाकू वैतागल्या.

दिवसा साठवलेली सौरवीज रात्रभर साऱ्या गावाला पुरवायची, म्हणून प्रत्येकाला मर्यादा होती. सोमवारपर्यंत वापर दहाच्या आत आला नाही तर केंद्र बंद करून दूध तालुक्याला पाठवायचे, असे ग्रामसभेत ठरले होते. दोन कॅनांपासून एकेचाळीस बायकांनी वाढवलेले केंद्र!

काकूंची सातवीतली पुतणी स्वरांगी थर्मामीटर धरून उभी होती. आले तेव्हा दूध पस्तीस अंश होते, आता चार.

"मापाडी, दुधातली उष्णता गेली कुठे? संपली?"

"उष्णता संपत नाही, जागा बदलते. टाकीच्या नळ्यांतला द्रव दुधाची उष्णता घेतो आणि त्याचा वायू होतो. कॉम्प्रेसर (वायू दाबणारं यंत्र) त्याला दाबतो, तेव्हा तो आणखी तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना, तसा. मग भिंतीपलीकडे पंखा त्याला निववतो आणि त्याचा पुन्हा द्रव होतो."

"म्हणजे दुधाची उष्णता भिंतीपलीकडे आहे?"

"दुधातली वीस युनिट, कॉम्प्रेसरची आठ. अठ्ठावीस."

स्वरांगी धावतच मागे गेली. तिथे पंख्यासमोर शेजारच्या हौसाआजींनी बाजेवर पापड पसरले होते.

"काय गं, पापड मोजायला आलीस?"

"आजी, पापड इथं का वाळवता?"

"या ढगाळात ऊन कुठलं? दोन वर्षं याच वाऱ्यावर वाळवतेय. तुमच्या मापाड्याला दिसलं नाही होय?"

स्वरांगीने वाऱ्यात हात धरला. वारा चांगलाच गरम होता. भिंतीच्या या बाजूला पंखा उष्णता फेकून देत होता आणि त्या बाजूला हीटर सात युनिट जाळून तीच तयार करत होता! याच उष्णतेवर पाणी तापवता येईल, असे तिने धावत आत येऊन सांगितले.

"माझ्या यादीत भिंतीची मागची बाजू नव्हती," मापाडी म्हणाला.

"आता लिही!" शालनकाकूंनी फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मुबारकमामांना बोलावून घेतले.

"मामा, या उष्णतेवर पाणी तापवायचं यंत्र शहरातून आणावं लागेल?" स्वरांगीने विचारले.

"शहरातनं? आणि मी काय इथं माशा मारतो?"

मामांनी तांब्याची बारीक नळी जाड नळीत बसवली. आतून तापलेला वायू, बाहेरून पाणी. हा झाला उष्णता-विनिमयक (दोन पदार्थ न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारे साधन). पाणी पंचावन्न अंशांवर पोचले. हीटरला साठपर्यंतचे शेवटचे पाच अंशच उरले. आजींच्या वाट्यालाही पुष्कळ वारा उरला. गरम पाण्याची टाकी निवू नये म्हणून बायकांनी तिला भाताचे तूस भरलेली गोधडी शिवली. प्रत्येकीने एकेक टाका घातला आणि शालनकाकू येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगू लागल्या, "हात लावून बघा, बाहेरून गार आहे की नाही? आमच्या पोरीनं शोधलं, आमच्या बायकांनी शिवलं!"

"मापाडी, तालुक्याच्या बर्फ कारखान्यामागे किती उष्णता वाया जात असेल?" स्वरांगीने विचारले.

"मोजायला जावं लागेल."

"मग जाऊ या की!"

सोमवारी संध्याकाळी समिती आणि एकेचाळीस बायका केंद्रात जमल्या. मापाड्याने वाचून दाखवले.

"दूध सहाशे लिटर, चार अंश. पाणी दीडशे लिटर, साठ अंश. वापर आठ पूर्णांक नऊ दशांश युनिट."