न ओवलेली स्लीव्ह

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्याच हातात घडलंय, आणि मी दारूच्या थेंबालाही शिवत नाही.

भरदुपार होती. हॉस्पिटलचं तळघर.

मी फायबर केबल जोडणारा. त्या दिवशी मात्र नुसता बाप म्हणून आलो होतो. वर माझ्या चिमणीच्या डोक्याचं ऑपरेशन चालू होतं. परगावचे मोठे डॉक्टर पडद्यावरून एकेक गोष्ट सांगत होते.

आणि मध्येच पडदा काळा झाला.

"अहो, काहीतरी करा. सगळे नुसते उभे राहिलेत," बायको फोनवर रडत होती.

गाडीच्या डिकीतून हत्यारं काढली, तळघरात धावलो. पॅनेलमागची फायबर उंदराने कुरतडलेली. मेल्याला तोंड मारायला दुसरी जागा मिळाली नाही.

नवी पिगटेल जोडायची होती. पिगटेल म्हणजे एका टोकाला कनेक्टर असलेली हातभर फायबर. पॅनेलला निळ्या तोंडाची लागते, आणि माझ्या पिशवीत सगळ्या हिरव्या. पिशवी जमिनीवर उलटी केली... एकच निळी निघाली.

सोललं, कापलं, मशीनमध्ये फायबरच्या काचेला काच जोडली.

"आलं हो, चित्र आलं," बायको म्हणाली.

तेव्हा माझं लक्ष जोडाकडे गेलं.

मी स्लीव्ह ओवलीच नव्हती.

स्लीव्ह म्हणजे जोड सांभाळणारी बारीक नळी, तापवून जोडावर आवळायची. ती जोडण्याआधीच ओवायची असते, नंतर घालायला वाटच नसते. तोडून पुन्हा करावं, तर केबलकडची फायबर संपलेली. इतकी तोकडी की मशीन खाली ठेवता येईना. तसंच पोटाशी धरून उभा राहिलो. फोन खांद्यात दाबलेला.

हात भरून आले. बोटं बधिर झाली.

मग... तळघरातल्या यंत्रांच्या पंख्यांची घरघर थांबली.

तट्.

जोड तुटला. मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं, मध्ये चक्क फट. मी ओरडणार, तेवढ्यात...

"चांगलं चाललंय हो. डॉक्टर सांगतायत," बायकोचा आवाज आला.

फट तशीच होती. ऑपरेशन संपेपर्यंत तशीच. मी रडत त्या फटीकडे बघत होतो.

संध्याकाळी मेहुणा आला. तोही याच धंद्यातला. त्याने मशीनचं झाकण उघडलं.

"दाजी, स्लीव्ह मस्त बसलीये की."

हात लावला... गरम होती.

चिमणी खडखडीत बरी झाली. शाळेत जाते, आईशी भांडते. पण आता हॉस्पिटल जुनी केबल काढतंय. मी तिथल्या साहेबांच्या अक्षरशः पाया पडलो. ते हसले. मेहुणा म्हणतो, "दाजी, एक जोडच तो. त्यात काय एवढं?"

त्याने ती फट पाहिलेली नाही. ती फट कुणीतरी धरून ठेवली होती. अजूनही धरली असेल तर?

उद्या ते केबल कापणार आहेत. चिमणीला मी शाळेत पाठवणार नाही. दिवसभर मांडीवर घेऊन बसणार आहे.